कब्जेदाराचा रकाना आणि असिसीचा संत

जुन्या गोव्याला पाहुणे घेऊन जाण्याची पाळी वर्षातून दोन-तीनदा तरी येतेच. पाहुण्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी बॉम जेझूसमध्ये गोंयच्या सायबाचे दर्शन, मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, आणि तोवर ऊन चढलेले असते, लहान मुले लिंबूसोडा मागू लागतात. से कॅथेड्रलच्या पश्चिमेला लागूनच असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. तिथे बहुतेक जण सावलीसाठीच शिरतात. आमच्याकडे फ्रान्सिस म्हटले की झेवियर. हा दुसरा, त्याच्याआधी सव्वातीनशे वर्षे मरण पावलेला इटालियन फ्रान्सिस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

मी मात्र त्या चर्चच्या मुख्य वेदीपुढे दर वेळी थोडा थबकतो. लाकडी कोरीवकाम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. क्रुसावरचा येशू आणि त्याच्याजवळ संत फ्रान्सिस अशी मोठी मूर्ती आहे आणि त्या दोघांच्या खाली संताची तीन व्रते लिहिलेली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. सोन्याच्या वेदीवर दारिद्र्याचे व्रत! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. नंतर वाचत गेलो, तसे कळले की या विसंगतीवरून युरोपात शंभर वर्षे वाद झाला, माणसे जाळली गेली, आणि वादाचा मुद्दा होता तो आमच्या कचेरीत रोज येणारा: एखादी वस्तू वापरतो तो तिचा मालक असतो का?

मी जमिनीच्या नोंदींच्या खात्यात कारकून आहे. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा कचेरीत काही उपयोग झाला नाही असे मी बरीच वर्षे समजत होतो. आमच्याकडे लोक येतात ते 'एक-चौदा'चा उतारा मागायला. त्यात कब्जेदाराचा रकाना असतो, कुळाचा असतो. खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "नाव लागलंय मगो? म्हणजे मालक मीच ना?" त्याला समजावून सांगावे लागते की बाबा, कब्जा वेगळा, मालकी वेगळी, वहिवाट वेगळी, नुसती परवानगी आणखी वेगळी. तो वैतागतो. त्याचे म्हणणे सरळ असते: घरात मी राहतो, माडाचा नारळ मी खातो, मग आणखी काय हवे?

तेराव्या शतकातल्या फ्रान्सिस्कनांचेही म्हणणे साधारण हेच होते, फक्त उलट्या टोकाने. घरात आम्ही राहतो, भाकरी आम्ही खातो, पण मालक आम्ही नाही.

हा फ्रान्सिस असिसीतल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म ११८१ किंवा ११८२ चा. वडील पिएत्रो दी बेर्नार्दोने पैशाने चांगले सुखवस्तू. पडक्या देवळाच्या, म्हणजे सान दामियानोच्या चर्चच्या दुरुस्तीसाठी मुलाने दुकानातले कापड आणि घोडा विकला, तेव्हा बाप भडकला आणि प्रकरण बिशपपुढे गेले. १२०६ सालची ही गोष्ट. तिथे फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही काढून बापापुढे ठेवले. आपल्याकडे तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा सांगतात ना, भावाची अर्धी भावाला देऊन आपली अर्धी पाण्यात? सावकारीच्या आणि दुकानदारीच्या घरातच पैशाचा खरा वीट जन्माला येत असावा. ज्याच्या घरी कधी पैसाच नव्हता त्याला तो सुचणार कसा?

१२०९ मध्ये तिसरा इनोसंट या पोपने फ्रान्सिसच्या मंडळीला तोंडी मान्यता दिली. १२२३ मध्ये नियमावली लेखी मंजूर झाली. तीत बांधवांनी घर, जागा, कोणतीही वस्तू आपली म्हणून ठेवायची नाही असे आहे, आणि नाणे तर स्वतः किंवा दुसऱ्याकरवीही घ्यायचे नाही. पण एक गोष्ट लोक विसरतात. फ्रान्सिसला आळशी भिक्षेकरी नको होते. ज्यांना काम करता येते त्यांनी काम करावे, मजुरी म्हणून अंगाला लागेल तेवढे अन्नवस्त्र घ्यावे, पैसा नाही; आणि मजुरी मिळाली नाही तर दारोदार मागावे, असा त्याचा क्रम होता. मरणापूर्वी, १२२६ साली, लिहवून घेतलेल्या मृत्युपत्रातही आपण हातांनी काम केले आणि सर्वांनी करावे, हे तो आवर्जून सांगतो. ख्रिस्ती मठांत कामाला प्रतिष्ठा होतीच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने रिकामपण हे आत्म्याचे शत्रू ठरवून अंगमेहनतीचे तास नेमून दिले होते. पण बेनेडिक्टचा साधू वैयक्तिक काही बाळगत नसे, त्याचा मठ मात्र जमिनी, गिरण्या, द्राक्षमळे बाळगून असे. फ्रान्सिसला तेही नको होते. एकट्याचे नाही आणि सगळ्यांचे मिळूनही नाही.

एक माणूस असे जगू शकतो. बारा जणही जगतील. हजारोंचे काय? आजाऱ्याला अंथरूण लागते, शिकणाऱ्याला पुस्तक लागते, पावसाळ्यात छप्पर लागते. संताच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १२२८ मध्ये, असिसीला त्याच्या नावाच्या भव्य बासिलिकेची कोनशिला बसली. ती बसवणारा नववा ग्रेगरी हा पोप फ्रान्सिसचा जुना मित्र आणि पाठीराखा होता. त्यानेच १२३० मध्ये निकाल दिला की मृत्युपत्र बांधवांवर कायद्याने बंधनकारक नाही, आणि वस्तूंचा वापर त्यांनी करावा, मालकी मात्र त्यांची नसावी. मग मालकी कोणाची? १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने सांगितले, रोमच्या पोपपीठाची. आणि १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलसने हे सगळे कायद्याच्या भाषेत बांधून दिले. मालकी, ताबा, उपभोगाचा हक्क, वापराचा हक्क, यांतले काहीही बांधवांकडे नाही. त्यांच्याकडे आहे तो 'नुसता प्रत्यक्ष वापर'.

हा हुकूम जेव्हा मी वाचला तेव्हा मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. एकेका रकान्यात काय लिहायचे आणि काय नाही हे ते असेच बोटावर मोजून सांगत. म्हणजे युरोपभरच्या फ्रान्सिस्कन मठांतला वाडगा, पुस्तक, उशी यांच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून नाव कोणाचे? पोपचे!

आपल्याला हे विचित्र वाटायचे कारण नाही खरे तर. 'देवळाची जमीन देवाची, आम्ही नुसते वहिवाटदार' असे आमच्याकडचे महाजनही म्हणतातच की. मग त्याच देवाच्या जमिनीवरून कोर्टात महाजनांचीच भांडणे का चालतात, हा प्रश्न कोणी विचारू नये.

असो. हा प्रश्न फ्रान्सिस्कनांतल्याच काही जणांनी विचारला. दक्षिण फ्रान्समधला पीटर ऑलिव्ही (मृत्यू १२९८) म्हणाला, मालकी सोडली एवढ्याने व्रत पुरे होत नाही, वापरही गरिबासारखाच हवा. कागदावर पोपचे नाव लावून रोज गोडधोड खाल तर ते कसले दारिद्र्य? गंमत अशी की याच ऑलिव्हीने करार, किंमत आणि व्यापारातले भांडवल यांवर असा ग्रंथ लिहिला की आजही अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव घेतात. पैशाला हात न लावणाऱ्यानेच पैसा नीट न्याहाळला होता.

ऑलिव्हीच्या विचाराच्या लोकांना 'स्पिरिच्युअल' म्हणत. ते आखूड, ठिगळांची वस्त्रे घालीत आणि धान्याची कोठारे, दारूची तळघरे भरून ठेवण्याला विरोध करीत. उद्याची सोय केली तर देवावरचा भरवसा तो कसला, असे त्यांचे म्हणणे. १३१६ मध्ये बाविसावा जॉन पोप झाला. वय सत्तरीच्या पुढचे, कायद्यात मुरलेला, हिशेबाला पक्का. त्याने १३१७ मध्ये हुकूम काढला की वस्त्र कसे असावे आणि कोठार भरावे की नाही, हे वरिष्ठ ठरवतील. दारिद्र्य मोठे खरे, पण आज्ञापालन त्याहून मोठे, असा त्याचा रोख होता. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यापैकी चौघांना १३१८ मध्ये मार्सेय शहरात जाळले. वेदीखालच्या तीन व्रतांपैकी पहिले आणि तिसरे एकमेकांपुढे उभे ठाकले तेव्हा असे झाले. आता मला ती ओळ वाचून हसू येत नाही.

पण जॉन तिथे थांबला नाही. त्याने मुळालाच हात घातला. येशू आणि त्याचे शिष्य यांच्याकडे खरेच काही मालकीचे नव्हते काय? १३२२ मध्ये पेरुजाच्या सभेत फ्रान्सिस्कनांनी छातीठोकपणे जाहीर केले, नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात पोपने सांगून टाकले की बांधवांच्या वस्तूंची मालकी यापुढे आम्हांला नको. त्याची कारणे एखाद्या चांगल्या मामलेदाराने लिहावीत तशी आहेत. या मालकीने आम्हांला मिळाले काय, तर कोर्टकज्जे. आणि जी वस्तू खाऊन संपते तिची मालकी आणि वापर वेगळे कसे काढणार? भिक्षूला कोणी अंडे दिले, चीजचा तुकडा दिला, भाकरीचा कोर दिला. तो त्याने खाल्ला. आता त्याचा मालक रोममध्ये बसलाय असे कोणी शहाणा म्हणेल काय? शिवाय हक्क नसताना वापर करणे म्हणजे अन्यायाने वापर करणे.

यावर फ्रान्सिस्कनांचा वकील, बेर्गामोचा बोनाग्रात्सिया, याने घोड्याचा दाखला दिला. घोडा ओट खातो, पण ओटांचा मालक असतो का? तसेच आम्ही. (या निषेधाबद्दल पोपने त्याला तुरुंगात टाकले.) पोपपक्षाने बायबलातली थैली पुढे केली. येशूच्या मंडळींची पैशाची थैली यहूदाकडे असे, असे योहानाच्या शुभवर्तमानातच आहे, म्हणजे पैसा होताच. आणि नोव्हेंबर १३२३ मध्ये जॉनने निर्णय दिला: येशूकडे आणि शिष्यांकडे एकट्याचे वा सामायिक काहीच नव्हते असे हट्टाने म्हणणे हे पाखंड. संघाचा प्रमुख चेझेनाचा मायकल, बोनाग्रात्सिया आणि इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम १३२८ च्या मे महिन्यात रात्रीचे आव्हिन्याँहून पळाले आणि बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला गेले. उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ' ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल; तिची पार्श्वभूमी १३२७ मधली, नेमकी हीच आहे.

ऑकमने पुढे यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातला एक भेद माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. तो म्हणतो, परवानगी आणि हक्क या दोन गोष्टी आहेत. परवानगी देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो, आणि काढून घेतली तर ज्याच्याकडे ती होती त्याला कोर्टात जाता येत नाही. हक्क तसा हिरावता येत नाही. फ्रान्सिस्कन परवानगीवर जगतो. हक्क त्याने आपखुशीने सोडलेला आहे. म्हणून त्याचा वापर अन्याय्य नाही, आणि तो मालकही नाही.

हे वाचताना मला ऑकम आठवायच्या ऐवजी माझे आजोबा आठवले.

आजोबा एका ख्रिस्ती भाटकाराच्या भाटात राहत. झोपडी घालायला भाटकाराने तोंडी होय म्हटले होते, कागद नव्हता. माडांवर नजर ठेवायची, नारळ पाडायच्या दिवशी हाताखाली राबायचे, बोलावले की जायचे. भाटकार माणूस वाईट नव्हता. नाताळाला आमच्या घरी कुसवाराचे ताट येई, चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या तिकडे जात. पण न्हाणीला चार चिरे लावायचे तरी आजोबा आधी टोपी काढून विचारायला जात. आजोबांकडेही ऑकमचा 'नुसता प्रत्यक्ष वापर'च होता. फरक एवढाच की त्यांनी कोणतेही व्रत घेतले नव्हते.

१९७५ चा मुंडकार कायदा आला आणि परवानगीचा हक्क झाला. तरी वडिलांनी नोंदणीचा अर्ज करायला कितीतरी वर्षे लावली. "इतकी वर्सां कोणी उठयलें आमकां?" असे ते आईला म्हणत. भाटकार वारले, त्यांची मुले परदेशात, घरी एकटी तिया राहिली. गावात जमिनीचे दर वाढू लागले तसे आईने टुमणे लावले. शेवटी अर्ज झाला. मी तेव्हा नववीत होतो, वडिलांबरोबर मामलेदार कचेरीत गेलो. वडिलांना वाटले होते तिया वकील आणतील. त्या एकट्याच आल्या, काळा झगा, हातात तेर्साची माळ. मामलेदारांनी विचारले, हा तुमचा मुंडकार खरा का? त्या म्हणाल्या, होय, याचा बापही होता. सही करून बाहेर आल्यावर वडील ओशाळून काहीतरी बोलू लागले. तियांनी हात केला. "माझेंय खंय आसा तें? देवाचें. पूण देव कचेरींत येना न्हय, देखून सही म्हाका करची पडटा."

हे वाक्य त्या वेळी मला नुसते गोड वाटले होते. आता वाटते, तिसऱ्या निकोलसपासून ऑकमपर्यंत जे कोणाला नीट जमले नाही ते तियांना जमले होते. आपल्या वस्तूबद्दल 'माझे काही नाही' म्हणणे ही एक गोष्ट. दुसऱ्याला मात्र त्याचा कागद द्यायचाच, ही दुसरी. या दोन्ही एकत्र क्वचितच दिसतात.

गोव्याच्या इतिहासात तर फारच क्वचित. १५१७ मध्ये दहाव्या लिओने फ्रान्सिस्कनांची कडक आणि सैल अशी कायमची फाळणी केली, आणि त्याच वर्षी त्यांचे बांधव गोव्यात राहायला आले. पुढे बारदेश त्यांच्याकडे, साष्टी जेझुइटांकडे अशी वाटणी झाली. १५५५ मध्ये रेइश मागुशचे चर्च उभे राहिले. त्याआधी १५४१ मध्येच तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च आणि धर्मशिक्षणाकडे वळवले गेले होते. गावकऱ्यांची संमती घेतल्याचे कागदावर आहे. ती कोणत्या परिस्थितीत दिली असेल हे सांगायला नको. त्या शतकात देवळे पडली, देव खाडीपलीकडे फोंड्याला, डिचोलीला गेले. ज्याची जमीन गेली त्याला नव्या मालकाने दारिद्र्याचे व्रत घेतले आहे की नाही याच्याशी काय देणेघेणे? वापर कोण करतो तेच त्याला दिसले. बाविसाव्या जॉनचा चीजच्या तुकड्याचा मुद्दा इथे बारदेशातल्या शेतकऱ्यालाही पटला असता.

तेवढेच सांगून थांबलो तर मात्र अन्याय होईल. याच फ्रान्सिस्कनांनी इटलीत गरिबांसाठी गहाणावर कमी दराने कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या; १४६२ ची पेरुजाची पेढी त्यांतली अगदी सुरुवातीची. व्याज घेणे पाप, मग कारभाराच्या खर्चापुरते घेतले तर? यावरही पन्नास वर्षे वाद झाला आणि १५१५ मध्ये दहाव्या लिओने ते मान्य केले. (या पेढ्यांच्या प्रचारात ज्यू सावकारांविरुद्ध विखारी प्रवचनेही झाली, हेही लक्षात ठेवावे.) आणि दुहेरी नोंदीची जमाखर्चाची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा समजावून सांगितली ती कोणी? लुका पाचोली याने, १४९४ मध्ये, व्हेनिसला. हा पाचोलीही फ्रान्सिस्कनच. नाणे हातात धरायला बंदी असलेल्या संघाने जगाला खतावणी शिकवली! आमच्या लेखा विभागात मी हे सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही.

शेवटही नोंदीचाच. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले, १८३५ मध्ये गोव्यातले मठ रिकामे झाले, मालमत्ता सरकारजमा. ज्यांची मालकी कधी नव्हतीच त्यांच्याकडून ती काढून घेतली गेली. जुन्या गोव्यातल्या त्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. जिथे काही न बाळगण्याची शपथ घेतलेले लोक राहत, तिथे भिंतीवर ओळीने पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय टांगलेले आहेत, आणि खाली आमच्याच मातीतले वीरगळ.

कचेरीत बसून मी रोज पाहतो, एका माडावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. तेव्हा असिसीच्या त्या कापडवाल्याच्या मुलाचे म्हणणे मनापासून पटते. पण टोपी काढून उभे असलेले आजोबा आठवले की बाविसावा जॉनही पटतो. सोडायला आधी हातात काहीतरी असावे लागते. ज्याच्याकडे हक्कच नाही त्याला त्यागाचे प्रवचन देणे हे सोपे आणि वाईट काम आहे, आणि ते सगळ्याच धर्मांनी थोडेफार केले आहे.

आमच्या घराखालची जागा पुढे रीतसर विकत घेतली. उताऱ्यावर वडिलांचे नाव लागले तो कागद मीच आणला होता. त्यांनी चष्मा लावून तो एकदा वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला. "लागलें न्हय? मागीर जालें," म्हणाले. त्यानंतर तो कागद त्यांनी पुन्हा उघडून पाहिल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात तर लिंबूसोड्याआधी पाच मिनिटे काढा, आणि वेदीच्या खालची ती ओळ जरूर पाहा.